पट्टा मनगटाला गुंडाळू नका

महोदय,

रस्त्यावरच्या हिसकाहिसकीबाबत ‘सावध राहा’ एवढेच सांगितले जाते. सावध म्हणजे नेमके काय, हे क्वचितच कोणी सांगते. दुचाकीवरून फोन हिसकावणारा बहुधा पाठीमागून, वाहतुकीच्या ओघातच येतो. म्हणून पदपथ नसेल तर वाहने समोरून येतील अशा बाजूने चालावे आणि पिशवी भिंतीकडच्या खांद्याला लावावी. पट्टा मनगटाला गुंडाळायची सवय मात्र घातक. झटका बसला की पिशवी सुटत नाही, माणूस फरफटत जातो. खांदा निखळतो, डोके आपटते. ओढ बसताच सोडून द्यावी.

फोन पाहायचाच असेल तर भिंतीला पाठ लावून थांबा, पाहून खिशात टाका, मग चाला. दोन्ही कानांत इयरफोन असले की मागून येणारे इंजिन ऐकू येत नाही.

उघड्या स्क्रीनचा फोन गेला तर फोनच्या किमतीपेक्षा त्यातले बँकेचे ॲप महागात पडते. स्क्रीन ३० सेकंदांत लॉक होईल असे ठेवा. सिमला पिन (सिम वापरण्याआधी टाकावा लागणारा गुप्त आकडा) लावा, आणि तोही कंपनीने दिलेला मूळचा न ठेवता बदललेला. नाहीतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी वाचता येतात. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घरी कागदावर लिहून ठेवा. (तो त्याच फोनमध्ये जपून ठेवणारेही असतात!) चोरी झालीच तर आधी सिम बंद करा, लगेच बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार द्या.

– एक वाचक