मोस्यू, मला कामाला लावल्याबद्दल

मोस्यू, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितोय. माझी लेक तुम्हाला ते फ्रेंचमध्ये वाचून दाखवील. मधेच ती एखादं वाक्य गाळतेय असा संशय आला तर खुशाल थांबवा, कारण तुमच्याबद्दल जास्त चांगलं लिहिलेलं वाचताना तिला अवघडल्यासारखं होतं.

फ्रान्सला जाऊन आलो म्हटलं की कराडात सगळे आयफेल टॉवरचं विचारतात. मी सांगतो, पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात गाडीत बसलो आणि दीड तासात ब्रिटनी भागातल्या रेन शहरात, लेकीच्या गावी, उतरलो. रेन हे नाव ऐकून चेहरे जरा पडतात. मग मी तुमचा, लेकीच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा, विषय काढतो.

परदेशी मुलांकडे गेलेल्या आईबापांचं काय होतं, हे आमच्याकडे आता घरोघरी ठाऊक आहे. लेक-जावई कामावर, आणि म्हातारा खिडकीत. माझंही तेच चाललं होतं. जिन्यात लेकीने ओळख करून दिली तेव्हा तुम्ही निवृत्त बस ड्रायव्हर आणि मी एसटीचा निवृत्त कंडक्टर, एवढंच एकमेकांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बेल वाजवलीत, हातावर नाणी आणि एक चिठ्ठी ठेवलीत, आपल्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्याकडे बोट केलंत आणि मग कोपऱ्यावरच्या बेकरीकडे. पाहुण्याला कामाला लावायचं आमच्यात कुणाच्या मनातही येणार नाही. तुमच्या आलं, म्हणून हे पत्र.

बेकरीत शिरताना सगळ्या दुकानाला मिळून बाँजूर म्हणायचं, मग रांगेत उभं राहायचं. ‘बागेत’ म्हणजे तिकडचा लांबुडका पाव, तो अर्धाही मागता येतो, आणि कडक भाजलेला हवा की मऊ तेही सांगता येतं. चिठ्ठीवर तुम्ही ‘त्रादिस्याँ’, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा पाव, असं लिहीत होता. त्यात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांपलीकडे फारसं काही घालता येत नाही, असा सरकारचा १९९३ सालचा नियम आहे म्हणे. पावासाठी सरकार नियम काढतं हे ऐकून मला या देशाबद्दल आदर वाटू लागला.

बसचं मात्र पचायला वेळ लागला. कंडक्टर नाही! माणसं चढतात, कार्ड टेकवतात, बसतात. अधूनमधून तपासनीस येतात तेवढेच. पण उतरताना मधल्या दारातूनही लोक ड्रायव्हरला ‘मेर्सी, ओ रव्वार’ (धन्यवाद, पुन्हा भेटू) असं ओरडून सांगतात. माझी उभी हयात डबल बेल देण्यात आणि सुट्ट्यांवरून भांडण्यात गेली. मला त्या लोकांचा हेवा वाटला. मेट्रोत तर ड्रायव्हरही नाही. पहिली लाइन २००२ ची, दुसरी २०२२ ची, दोन्ही विनाचालक. मी शाळकरी पोरांच्या बरोबरीने सगळ्यात पुढची काच पकडायचो. तुम्ही मात्र एकदाही सोबत आला नाहीत. ‘ज्या गाडीला ड्रायव्हर नाही, तिच्यात मी बसत नाही,’ हे तुम्ही मोबाइलवर भाषांतर करून मला दाखवलंत, ते मी जपून ठेवलंय.

संपाचंही तसंच. तिथे बस-मेट्रोच्या कर्मचाऱ्याने संपात उतरणार असल्याचं दोन दिवस आधी कळवायचं आणि कोणत्या गाड्या धावतील ते प्रवाशांना आदल्या दिवशी समजायचं, असा कायदा २००७ पासून आहे. आमचा एसटीचा २०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. तो का झाला हे तुम्ही मला खोदून खोदून विचारलंत. नातेवाइकांनीसुद्धा तेवढं विचारलं नव्हतं.

शनिवारचं काम सगळ्यात आवडीचं. प्लास दे लीसचा बाजार! कांकालची कालवं, आर्टिचोक, सफरचंदाच्या सायडरच्या बाटल्या, बकरीच्या दुधाचं चीज, आणि शेतावरचा माल स्वतः विकणारे लोक. तुम्ही बजावलं होतं की मालाला हात लावायचा नाही, भाव करायचा नाही. भेंडी मोडून बघणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. पण खरबूजवाल्याने विचारलं, ‘आज दुपारी खाणार की उद्या?’ आणि त्याप्रमाणे वास घेऊन एक निवडून दिलं. दुसऱ्या दिवशी कापलं तर अगदी बरोबर पिकलेलं. तेव्हापासून मी हात खिशात ठेवू लागलो.

गालेत म्हणजे तिकडचं पातळ घावन; सॉसेज गुंडाळलेल्या गालेतसाठी सगळं शहर रांगेत उभं असतं. मी माळकरी. तुम्ही काठी टेकत आलात, गाडीवाल्याशी काहीतरी हुज्जत घातलीत, आणि मला कुट्टूच्या पिठाची कोरी गालेत खारं लोणी लावून मिळाली. वर पेलाभर ‘ले रिबो’. पहिल्या घोटातच ओळखलं, हे तर ताक! नुसतं जरा दाट. ब्रिटनीतले लोक गालेतबरोबर ताक पितात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी येताना एवढा घाबरलो नसतो.

बाजारातून परतताना तुम्ही मला मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणलंत. १७२० च्या डिसेंबरात लागलेली आग जवळजवळ आठवडाभर जळत होती, हे लाकडी चौकटीच्या वाकड्या घरांसमोर उभं राहून सांगितलंत. ती घरं संपून सरळ रस्ता आणि दगडी इमारती सुरू झाल्या की समजायचं, आग इथवर आली होती. मला हे शहर असंच लक्षात राहिलंय.

रविवारी सगळं बंद, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, याची सवय झाली. फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही, हे मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. तुम्ही रोज नुसती बेल वाजवायचात. लेक म्हणते, तुम्ही असं बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडेच करत नाही.

आता तुम्ही या. जानेवारीत या, मे महिन्यात चुकूनही नको. एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरू. आणि इथे आमच्याकडेही काम आहे: दर रविवारी चक्कीवर दळण टाकून यायचं असतं. डबा जड आहे, तेव्हा गुडघा कसा आहे ते आधी कळवा.

आपला,
वरच्या मजल्यावरच्या मुलीचे वडील,
निवृत्त कंडक्टर, कराड