फीमेल मेडिकलच्या सिस्टरना अनावृत पत्र

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे घालत नाही. एक तर तुम्हाला ते आवडणार नाही. दुसरं, नाव घातलं की माझं कॉलेज कोणतं आणि पुढे मी ज्यांच्यावर चिडून लिहिणार आहे त्या मॅडम कोण, हे सोलापुरात सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत संध्याकाळच्या आत पोचेल. फीमेल मेडिकल वॉर्डात तुमच्या हाताखाली सकाळपाळी केलेल्या पोरी दोन वाक्यांत ओळखतील, तेवढं पुरे.

तिसऱ्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल झालं. पास झाले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम फाइल चाळत होत्या, चाळता चाळता एका केअर प्लॅनवर थांबल्या, पान मागे-पुढे केलं आणि म्हणाल्या, "हा पेशंट तू खरंच बघितलेला दिसतोय." मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. मैत्रिणींना वाटलं नापास झाले. आईला फोन लावला तर तिलाही तेच वाटलं, ती बिचारी फोनवरच "जाऊ दे गं" म्हणायला लागली. तो केअर प्लॅन कोणता ते तुम्हाला माहीतच आहे. अव्वांचा, तुमच्या वॉर्डातल्या त्या धाप लागणाऱ्या आजींचा.

जे या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं, आठ सेमिस्टर, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. लोकांना वाटतं आम्ही इंजेक्शन द्यायला शिकतो. प्रत्यक्षात आमचं निम्मं आयुष्य फायलीत जातं. प्रोसिजर फाइल, ड्रग फाइल, केस स्टडी आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे केअर प्लॅन. पेशंट काय सांगतो, आपल्याला काय दिसतं, त्यावरून नर्सिंग डायग्नोसिस, मग काय करायचं, ते का करायचं आणि केल्यावर फरक पडला का. कॉलेजने मला हे रकाने आखायला शिकवलं. भरायला तुम्ही शिकवलंत.

कॉलेजचंही लिहिते, कारण नुसतं गोड गोड लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, पोरगी खोटं बोलते. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. आमच्या ट्यूटर मॅडम वॉर्डात यायच्या, आम्हाला युनिफॉर्ममध्ये ओळीत उभं करायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आणि जायच्या. झाली क्लिनिकल टीचिंग. माझ्या केअर प्लॅनवर त्यांनी लाल पेनानं अशी तिरकी रेघ मारली की मागच्या दोन पानांवर उठली. काय चुकलं विचारलं तर "फॉरमॅटमध्ये नाही. सीनियरची फाइल बघ." आता सीनियरची फाइल म्हणजे तिच्या सीनियरची फाइल, आणि ती तिच्याही सीनियरची. कुठल्याशा बॅचला वॉर्डात भेटलेल्या एका दम्याच्या बाईचा बीपी आमच्याकडे अजूनही एकशे वीस-ऐंशी आहे. ती बाई कधीची बरी होऊन घरी गेली असेल, नातवंडांची लग्नं झाली असतील. कॉलेजजवळ झेरॉक्सवाल्याकडे तयार केअर प्लॅन मिळतात, कव्हर घालून. त्यावर सह्या होतात. मी त्यांच्या वरच्या मॅडमकडेही गेले होते. त्या हसून म्हणाल्या, "मराठी मीडियमच्या मुलींना पहिली दोन वर्षं जडच जातं. मार्क पाहिजेत ना? मग वाद कशाला?" वाद नव्हता हो. मला कळत नव्हतं आणि कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, एवढंच होतं.

सिस्टर, आता त्या स्टूलाबद्दल.

वॉर्डात विद्यार्थिनी बसत नाहीत. हा नियम कुठे छापलेला मला सापडला नाही, पण पहिल्या सेमिस्टरपासून सगळ्यांना पाठ असतो. स्टाफ बसेल, डॉक्टर बसतील, नातेवाईक पेशंटच्या पायथ्याशी बसतील. आम्ही उभ्या. फाइल लॉकरच्या कडेवर टेकवायची आणि वाकून लिहायचं, कुणी आलं की बंद करून सरळ व्हायचं. त्या दिवशी राउंड आटोपला होता आणि मी तशीच वाकून उभी होते. तुम्ही औषधांची ट्रॉली ढकलत आलात.

"काय करलालीस गं?"

केअर प्लॅन, म्हटलं. आणि तुम्ही बघायच्या आधीच सांगून टाकलं की हे चुकलंय, मॅडमनी रेघ मारलीय. तुम्ही रेघेकडे बघितलंही नाही. नर्सिंग स्टेशनला तुमचं एकच लोखंडी स्टूल, वर जुन्या सोलापुरी टॉवेलची घडी ठेवलेलं. ते पायानं सरकवत, फरशीवर करकरत, माझ्यापर्यंत आणलंत. "बस." मी नको नको म्हणत होते. "अगं बस की. मी ट्रॉलीला टेकते." आणि खरंच टेकलात. सकाळी ड्युटीवर आल्यापासून तुम्ही स्वतः बसला नव्हतात, ते मी बघत होते. पलीकडच्या बेडवरच्या बाईचे नातेवाईकही बघायला लागले, सिस्टर उभी आणि शिकाऊ पोरगी बसलेली. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की पहिली पाच मिनिटं तुम्ही काय बोललात ते डोक्यातच शिरलं नाही. मग हळूहळू जाणवलं, की बसल्यावर माणूस विचार करू शकतो. उभ्यानं मी आजवर फक्त उतरवून घेत होते.

तुम्ही फाइल मिटून मांडीवर ठेवायला लावलीत आणि विचारलंत, "आजींना काय होतंय?" मी फुफ्फुसाच्या त्या जुनाट आजाराचं लांबलचक नाव सुरू केलं, क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह... "ते केसपेपरवर आहे. आजींना काय होतंय?"

आमच्या घरी तेलुगू बोलतात. बाबा यंत्रमागावर, आई विड्या वळते, पूर्वभागातल्या निम्म्या घरांसारखंच घर. अव्वा विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या. त्यांना मराठी समजायचं, पण धाप लागली की परकी भाषा कुणाला सुचते? राउंडला डॉक्टरांनी विचारलं की त्या नुसती मान हलवायच्या, आणि केसपेपरवर तक्रार नाही असं पडायचं. माझ्याशी मात्र त्या सकाळपासून बोलत होत्या, तीन शब्द बोलून थांबायचं, मग पुढचे तीन. आडवं झालं की छाती दाबल्यासारखी होते. घरी चादरींच्या गठ्ठ्यावर पुढे वाकून, डोकं टेकवून बसल्या बसल्या झोपतात. इथे गठ्ठा नाही, म्हणून झोपच नाही. आयुष्यभर मांडीवर सूप, त्यात तंबाखूची भुकटी, आणि शेजारी चूल. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणाले, पण हे लिहायचं नसतं ना?

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं आता ओरडा बसणार. म्हणालात, "हेच लिहायचं असतं. मी इतकी वर्षं या वॉर्डात आहे, मला तेलुगू अजून धड येत नाही. आज तू माझ्यापुढे आहेस."

कॉलेजात ज्या दोन गोष्टींनी मी मागे पडत होते, घर आणि भाषा, त्यातली एक तुम्ही उचलून माझ्या जमेच्या बाजूला ठेवलीत. किती सहज! पुढच्या क्षणी तुम्ही "वाय-शेप सलाइन सेट कुणी उघडा टाकलाय" म्हणून मावशींवर आवाज चढवत होतात.

श्वास मोजायची रीत तर मी कुणालाही दाखवते आता. चार्टवर आदल्या पाळीत वीस लिहिलेले होते. वॉर्डातल्या सगळ्याच पेशंटचे श्वास वीस होते, पूर्ण रांगेत. तुम्ही म्हणालात, "मनगट धर, नाडी मोजल्यासारखी. बघ मात्र पोटाकडे. आणि पूर्ण मिनिट, अर्ध्याची दुप्पट नको." माणसाला कळलं की श्वास मोजतायत, तर तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी मनगट धरलं. अव्वांच्या हातावर विडीच्या दोऱ्यानं पडलेला घट्टा बोटांना लागत होता. अठ्ठावीस. पुन्हा मोजले, अठ्ठावीसच. तुम्ही स्वतः येऊन मोजलेत, चार्टवर लिहिलंत आणि खाली कुणी मोजले म्हणून माझं नाव टाकलंत.

मग लाल नाही, पेन्सिल काढलीत. माझ्या प्लॅनवर बारीक अक्षरात खुणा केल्यात, म्हणालात, कॉलेजला द्यायच्या आधी खोडून टाक, म्हणजे काम तुझंच दिसेल. झोप हा रकाना वर घ्यायला लावलात. दोन उशा आणि अव्वांचीच चादर गुंडाळून लॉकरवर ठेवली, त्या पुढे वाकल्या, आणि दुपारी मी निघेपर्यंत घोरत होत्या. ते घोरणं आम्ही शेवटच्या रकान्यात लिहिलं. तुम्ही म्हणालात, इव्हॅल्युएशन यापेक्षा चांगलं होत नाही.

मी नर्सिंगला आल्यापासून 12 मेचे, परिचारिका दिनाचे कार्यक्रम बघते आहे. दिवा लावायचा, शपथ घ्यायची, नाइटिंगेलबाईंवर स्लाइड वाचायची, पाहुण्यांना नारळ. वाईट काही नाही. पण भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथून आम्ही रोज जातो. 1910 साली सोलापुरात जन्मलेला माणूस 1938 मध्ये युद्ध चालू असताना चीनला गेला आणि 1942 मध्ये तिथेच वारला, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान नर्स होत्या, हे मला एकाही भाषणात ऐकायला मिळालं नाही. नर्सिंग कॉलेजच्या भाषणातसुद्धा नाही! असो, विषय भरकटला. म्हणायचं इतकंच होतं की ज्यांच्याकडे बोट दाखवून "हे बघा, असं व्हा" म्हणावं, ती माणसं आपल्याकडे अशीच वगळली जातात, आणि फोटो भलत्यांचे निघतात.

आणि चांगली माणसं तर आहेतच की चहूकडे. रिपोर्ट गंभीर असला तर कागद खाली पाठवून मोकळं न होता वॉर्डाला फोन करणारे लॅबमधले दादा. पेशंटच्या नातेवाइकांनी शिव्या घातल्यावरही त्यांच्याच म्हातारीला बेडपॅन देणाऱ्या मावशी. रात्रपाळीवरून येणाऱ्या पोरी दिसल्या की स्टॉप नसतानाही बस थांबवणारे एक कंडक्टर. यांच्यापैकी कुणालाही माणुसकीवर बोला म्हटलं तर दोन वाक्यं धड बोलता येणार नाहीत. ज्यांना तासभर बोलता येतं त्यांचे अनुभव वर लिहिलेच आहेत.

परीक्षेत काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. परीक्षक मॅडमनी विचारलं, "सॅच्युरेशन, रक्तातला ऑक्सिजन, नव्वद टक्के आहे, मग ऑक्सिजन का नाही वाढवला? चार्टवर एक लिटरच दिसतोय." मला तुमचा आवाज आठवला: "दया आली म्हणून नॉब फिरवायचा नाही." मी सांगितलं, की या पेशंटमध्ये अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव एवढंच धरायचं, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, पेशंट गुंगीत जातो आणि आपल्याला वाटतं शांत झोपला. मॅडमनी मान वर केली. "कुणी शिकवलं?" आमच्या ट्यूटर मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी जरा पुढे सरकून हसून बघितलं. मी म्हटलं, "वॉर्डच्या सिस्टरनी." इंटर्नल मार्कांचं काय व्हायचं ते होवो.

अव्वा घरी गेल्या हे तुम्हाला माहीत आहे. आईची त्यांच्याशी कारखान्यात विड्या द्यायला जाताना गाठ पडते. चूल बंद झालीय, सुनेनं गॅस पुढे ओढलाय. विड्या मात्र सुटल्या नाहीत, हात रिकामा ठेवून बसवत नाही म्हणतात.

आता थोडं कामाचं. ड्युटीवर तुम्ही कुणाकडून काही घेत नाही, पेशंटच्या नातेवाइकांचा पेढासुद्धा वॉर्डभर वाटायला लावता, हे मी बघितलंय. तरी आईनं शेंगाचटणी कुटलीय आणि कडक भाकरी दिल्यात, आणि आईला नाही म्हणायची माझी टाप नाही. सोमवारी सकाळपाळीच्या मावशींकडे ठेवून जाईन. चटणी तिखट आहे, दही बरोबर आणा. भाकरी महिनाभर टिकतात. स्टीलचा डबा आईच्या रुखवतातला आहे, तेवढा तिला परत पाहिजे.

तुमची,
कॉलेजच्या कागदावर नसले तरी, विद्यार्थिनी