पाण्याखालच्या आवाजालाही मर्यादा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री दहानंतरच्या कर्णकर्कश संगीतावरून आपल्या किनारपट्टीवर जो वाद सतत धुमसतो, त्याला निदान कायद्याचा आधार आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा ठरवून दिली आहे. परंतु ती हवेतल्या आवाजाची. गोव्यातील मुरगाव बंदराच्या परिसरात गाळ उपसताना, जेटीसाठी खांब ठोकताना किंवा अवजड जहाजे ये-जा करताना पाण्याखाली जो गोंगाट माजतो, त्याचा या आकड्यांत विचारच झालेला नाही.

याच पाण्यात हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच, पण आकाराने लहान सस्तन जलचर) वावरतात. झुवारी-मांडवी नद्यांच्या मुखाशी पाणी इतके गढूळ असते की तिथे डोळ्यांचा उपयोग थोडाच. भक्ष्य शोधायचे, दिशा ओळखायची ती स्वतःच सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर पोहोचतो. युरोपातील उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकले जात असताना पॉर्पॉइज सुमारे वीस किलोमीटरपर्यंतच्या टापूतून दूर गेल्याचे अभ्यासांत आढळले आहे. (पाण्यातल्या डेसिबलची विमानाच्या आवाजाशी सरळ तुलना करणाऱ्या बातम्या मात्र दिशाभूल करतात, कारण डेसिबल ज्या आधारभूत दाबाच्या तुलनेत मोजतात, तो हवेत आणि पाण्यात वेगवेगळा धरला जातो.)

प्राणी पळून गेले नाहीत म्हणजे त्यांना त्रास नाही, असेही समजू नये. सप्टेंबर 2001 मधील अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाज वाहतूक घटली, पाण्यातला आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरला आणि तेथील ‘राइट’ जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाणही कमी आढळले. ते देवमासे तेथेच होते, फक्त सोसत होते.

उपाय अगदी अवघड नाहीत. खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडणे, ठोकणीचा जोर हळूहळू वाढवणे, डॉल्फिन जवळ दिसताच काम थांबवणे या पद्धती परदेशांत रूढ आहेत. जर्मनीने तर ठोकणीपासून 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादाच घातली आहे. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींनी कळपाचा पाठलाग न करता इंजिन मंद ठेवले, तर त्यांच्या धंद्यालाही तोटा होणार नाही.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलात असताना आवाज मोजण्यासाठी तज्ज्ञांचा शोध घेत दूर जाण्याचे कारण नाही. तेव्हा यापुढे बंदर वा जलमार्गाच्या कोणत्याही कामाच्या पर्यावरणीय अहवालात काम सुरू होण्यापूर्वीची पाण्याखालच्या आवाजाची पातळी नोंदलेली नसेल, तर तो अहवाल जनसुनावणीपूर्वीच परत पाठवावा, अशी माझी राज्य सरकारला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वास्को