डॉक्टरताई, होडी अजून आमचीच आहे

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

हर्णैहून लिहितोय. तुमच्या घरी मासळीची पाटी घेऊन यायची तिचा मी मुलगा. ओळख जुनी, पण तुमचं काम नेमकं काय ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. "परदेशात मेंदूवर कायतरी करते," एवढंच आई सांगायची. परवा बंदरावर एकाने विचारलं, "होडी विकणार होतात ना, काय झालं?" त्याला उभ्या उभ्या काय सांगणार! म्हणून हे जाहीर पत्र.

बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडी चालवणारे. रात्रीच्या अंधारातही पाण्यातलं खडप कुठे आहे ते त्यांना सांगावं लागायचं नाही. एका संध्याकाळी लिलाव चालला होता, तेव्हा समोरच्या सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "हा कुठचा रे किल्ला?" मला थट्टा वाटली. मी हसलो. ते हसणं अजून टोचतं.

पहिल्या डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून परत पाठवलं. दोन वर्षं अशीच गेली. मग दुसरीकडे तपासण्या झाल्या आणि अल्झायमर हा शब्द घरात आला. पाठोपाठ मुंबईचा भाऊ बातमी घेऊन आला, की परदेशात नवं औषध निघालंय, लेकॅनेमॅब. खर्च ऐकला आणि होडी विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, फक्त विसार घ्यायचा राहिला होता.

त्याच डिसेंबरात तुम्ही सुट्टीला आलात. "मी पेशंट बघणारी डॉक्टर नाही, पेशी बघणारी आहे," असं आधीच बजावलंत, आणि तरी आमच्या ओट्यावर बसून फाईलमधला कागदन् कागद वाचलात. औषध खोटं नाही, म्हणालात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली आहे. पण सुमारे १८०० लोकांवरच्या दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. ते सगळे आजाराच्या सुरुवातीला असलेले लोक होते. बाबा तो टप्पा कधीच ओलांडून गेले होते. वर मेंदूला सूज येण्याचा, बारीक रक्तस्रावाचा धोका, त्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय. "होडी विकू नका," इतकं सरळ आम्हाला तोवर कोणी बोललं नव्हतं. भाऊ तेव्हा रागावला होता तुमच्यावर. आता नाही.

मग मी विचारलं, तीस वर्षं तुम्ही बघता तरी काय? तुम्ही मोबाईलवर मेंदूतल्या एका पेशीचा फोटो उघडून दाखवलात. मायक्रोग्लिया. मधे एक ठिपका आणि चहूबाजूंनी फाटे फुटलेले हात. दिवसभर गप्प असलेले बाबा वाकून बघत म्हणाले, "माकूळ." जाळ्यात येतं ते, पुष्कळ हातांचं. तुम्ही इतक्या हसलात! पुढचं सगळं मग माकूळ धरूनच समजावलंत.

ही माकळं मेंदूतली राखणदार. आपण आईच्या पोटात असताना, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, ती बाहेरून मेंदूत येतात आणि तिथलीच होऊन राहतात. हात पसरून सतत आजूबाजूला चाचपत असतात. कचरा किंवा इजा दिसली की हात आखडून गोल होतात आणि ती घाण गिळतात. १९१९ मध्ये माद्रिदच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने रंगवून त्यांना नाव दिलं, पण पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. २०१३ मध्ये कळलं, की ट्रेम-टू नावाच्या एका जनुकात विशिष्ट बदल असला तर अल्झायमरचा धोका दोन ते चार पट होतो. हे जनुक मेंदूत मुख्यतः या राखणदारांच्याच कामाचं. तेव्हापासून सगळे धावत आले, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही त्याआधीपासून तिथे होतात, हे मात्र तुमच्या आईकडून कळलं.

मग राखणदार असून बाबांचं असं का झालं? मी बंदरावरच्या कुत्र्यांचं उदाहरण दिलं. ती घाण खातात तोवर बरं, पण एकदा चटावली की भरलेल्या पाटीतही तोंड घालतात. तुम्ही म्हणालात, "जवळपास तसंच, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकू नका." आधी त्या पेशी मेंदूत साचलेल्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाला वेढा घालून आवरतात. वर्षानुवर्षं खवळलेल्या राहिल्या की चेतापेशींमधले चांगले सांधेही खाऊ लागतात. वेढा कधी घालू द्यायचा आणि कधी त्यांना शांत करायचं, हेच तुम्ही शोधताय. "तुमच्या बाबांना देता येईल असं औषध माझ्या हातून अजून निघालेलं नाही," हेही तुम्हीच सांगितलंत. ते ऐकून मला उलट धीर आला. का, ते नीट सांगता येत नाही.

तुम्ही सुचवल्याप्रमाणे बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं, कानही दाखवले. उजवा कान जवळजवळ बंद होता, आता यंत्र लावतात. चुकले तरी आम्ही दुरुस्त करत बसत नाही. हातांची सवय उशिरा जाते म्हणालात, म्हणून फाटकं जाळं आणि सुई पुढ्यात ठेवतो. माझं नाव आठवत नाही त्या दिवशीही गाठ बरोबर पडते. कधी कधी धड असलेली जागाही शिवून टाकतात, मी रात्री उसवतो.

होडी नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रावर गेली. आईने तुमच्यासाठी सोडे बांधून ठेवलेत, पैशांचं नाव काढू नका असा तिचा निरोप आहे. आणि येताना तो फोटो मोठा छापून आणाल का? मोबाईल बघितला की बाबा अजून विचारतात, माकूळ कुठाय म्हणून.

तुमचा,
मासळीवाल्या मावशीचा थोरला