जुन्या ट्रेलरचा फर्नेस पेटवण्याआधी

पुणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं तुझं फिरतं घर, 1967 चा असूनही बाहेरचा पत्रा शाबूत आहे, आतली कपाटंही छान राहिली आहेत. पण फर्नेसच्या, म्हणजे गॅसवर खोली तापवणाऱ्या यंत्राच्या, जाळीची वरची कड तपकिरी पडली आहे आणि तिच्या वर छताच्या प्लायवूडवर काळसर पट्टा दिसतोय. ती धूळ नाही, काजळी आहे. छतावरच्या धुराड्यातून बाहेर जायला हवा होता तो धूर कधीतरी खोलीत उतरलाय. तेव्हा खाली लिहिलंय ते सगळं तपासून होईपर्यंत तो पेटवायचा नाही. थंडी कितीही असो, एका रात्रीपुरताही नाही.

तुझा फर्नेस बिनपंख्याचा आहे. खाली बर्नर, त्यावर पत्र्याची पोकळ पेटी, म्हणजे हीट एक्स्चेंजर. जळालेला वायू पेटीच्या आतून वर जातो, खोलीतली हवा पेटीला बाहेरून लागून तापते. हे दोन रस्ते कुठेही एकमेकांना मिळता कामा नयेत. त्यात तुझ्या मॉडेलला जळायला लागणारी हवासुद्धा ट्रेलरच्या आतूनच घेतली जाते, आणि खरा धोका तिथे आहे. एक भाग प्रोपेन नीट जळायला साधारण 24 भाग हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं दगावतात ती याच कारणाने. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला काहीच वास नसतो.

सुरुवात छतापासून कर. धुराड्याची टोपी काढून वरून टॉर्च मार. गांधीलमाश्यांची मातीची घरटी, पक्ष्यांच्या काड्या, गंजाचे पापुद्रे हमखास सापडतात. जुने मालक गळती थांबवायला छताला रबरी लेप देतात, त्यात टोपीच्या फटीही बुजतात, तेही बघ. पाइपचे सांधे एकात एक घट्ट बसलेले हवेत. सांधा भिंतीच्या पोकळीत सुटला असेल तर धूर लाकडाजवळ कोंडतो. टोपी बसवताना तिच्या कडेखाली ब्यूटाइल टेप चालेल, पण तापणाऱ्या पाइपला फोम किंवा साधं सिलिकॉन लावू नकोस.

मग हीट एक्स्चेंजर. अंधार करून पेटीत झगझगीत टॉर्च सोड आणि बाहेरून प्रत्येक जोड, प्रत्येक वळण पाहा. कोपऱ्यात छोटा आरसा धर. उजेडाची एक बारीक रेघ जरी बाहेर दिसली तरी फर्नेस बाद. वेल्डिंग, सायलेन्सरला लावतात ती पेस्ट, यातलं काही करू नये. पत्रा तापला की फुगतो, गार झाला की आक्रसतो, आणि दुरुस्तीच्या शेजारीच नवी चीर पडते. उघडताना पांढुरकं, धाग्याधाग्याचं गॅसकेट दिसलं तर खरवडू नकोस. त्या काळच्या मालात ॲसबेस्टॉस असायचा, त्याचे तंतू फुप्फुसांना घातक. तो काढायचं काम जाणकाराकडे दे.

बर्नर मऊ ब्रशने साफ कर. पायलट म्हणजे बर्नर पेटवणारी, सतत तेवणारी छोटी ज्योत. तिच्या बारीक भोकात तार किंवा सुई घालायची नाही. भोक केसाएवढं मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो. जेट, म्हणजे गॅस सोडणारं ते बारीक तोंड, काढून स्पिरिटमध्ये बुडवून ठेव, मग हवा मारून सुकव. पायलटची ज्योत निळी हवी आणि थर्मोकपलच्या (ज्योतीच्या उष्णतेवर थोडी वीज तयार करून गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणाऱ्या सळईच्या) टोकाचा वरचा साधारण अर्धा इंच भाग तिने वेढलेला हवा. पायलट टिकत नसेल तर थर्मोकपल सुटं करून मिलिव्होल्ट मोज. तापल्यावर 25 ते 30 यायला हवेत, 20 च्या खाली गेलं की नवं घाल. त्याचा नट बोटाने आवळून वर फक्त पाव फेरा. जास्त आवळलं की आतलं इन्सुलेशन चिरडतं. गॅसचा व्हॉल्व्ह पायलट विझताच पायलट आणि मुख्य बर्नर दोन्हींचा गॅस तोडणारा हवा. नसेल तर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

रेग्युलेटर मूळचा असेल तर तपासत बसू नकोस, दोन टप्प्यांचा नवा घे. फर्नेसला 11 इंच पाण्याचा, म्हणजे नळीतलं पाणी 11 इंच चढवणारा, दाब लागतो, तो बर्नर चालू असताना मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या उपकरणावर) पाहून घे. गळतीसाठी सगळी उपकरणं बंद करून लाइनमध्ये 8 इंच दाब ठेव. 3 मिनिटांत तो जराही उतरता कामा नये. साबणाचं पाणी अमोनिया नसलेलं घे, अमोनियाने पितळ तडकतं. फ्लेअर जोडावर, म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून केलेल्या जोडावर, टेप किंवा सीलंट लावायचं नसतं, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं.

तू डेन्व्हरला, 5,280 फुटांवर आहेस, हे विसरू नकोस. तिथे हवा विरळ, जेट मात्र समुद्रसपाटीच्या हिशोबाचा. 2,000 फुटांच्या वर गेल्यावर, समुद्रसपाटीपासून मोजून, दर 1,000 फुटांना 4 टक्के गॅस कमी करायचा असा नियम आहे, म्हणजे तुला सुमारे 20 टक्के. लेडव्हिलला 10,000 फुटांवर तोच आकडा 40 होतो. जेट न बदलता वर नेलास तर ज्योत पिवळी पडून काजळी धरते. छतावरच्या त्या पट्ट्याचं हेही कारण असू शकेल. जेट गॅसवाल्याकडूनच बदलून घे.

एवढं सगळं झालं की दार उघडं ठेवून पेटव. आधी सिलिंडर बंद असताना 5 मिनिटं थांब आणि जमिनीलगत वास घे, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. धुराडं तापायला काही मिनिटं लागतात. मग दार-खिडक्या लाव, छतावरचा पंखा सुरू कर आणि फर्नेसच्या वरच्या उघड्या तोंडाशी, जिथून धूर धुराड्यात शिरतो तिथे, पेटती उदबत्ती धर. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुझ्याकडे वळला तर पंखा ट्रेलरमधली हवा बाहेर उपसतोय आणि तिची भरपाई धुराड्यातून उलटी होतेय. मग पंखा बंद कर, खालची हवेची जाळी मोकळी कर आणि पुन्हा बघ. पंखा बंद असतानाही धूर उलटला तर फर्नेस तिथेच विझवायचा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ट्रेलरसाठी प्रमाणित असलेलाच घे आणि मागे छापलेली मुदत संपली की फेकून दे. पण एकट्या अलार्मवर विसंबू नकोस. अमेरिकी मानकाप्रमाणे 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) तो 1 ते 4 तासांनी वाजतो. म्हणून कमी आकडेही दाखवणारा मीटर शेजारी ठेव. प्रोपेनचा डिटेक्टर वेगळा, तो जमिनीजवळ.

माझं मत विचारशील तर हा फर्नेस काढून बंद ज्वलनाचा नवा बसव. आजच्या ट्रेलरांच्या मानकात शेगडी-ओव्हन सोडून सगळ्या गॅस उपकरणांचं ज्वलन खोलीच्या हवेपासून पूर्ण वेगळं असावं लागतं, आणि ते योग्यच आहे. नव्याला भिंतीत व्हेंट कापावा लागेल आणि 12 व्होल्टची चांगली बॅटरी लागेल. व्होल्टेज 10.5 च्या आसपास उतरलं की पंखा मंदावतो, सेल स्विच (पंख्याच्या वाऱ्याने ढकलला जाऊन जोडला जाणारा स्विच) मिटत नाही आणि फर्नेस पेटतच नाही. पुष्कळ लोक अशा वेळी उगाच बोर्ड बदलतात. भिंतीतला धुराचा पाइप बाहेरच्या टोपीत मॅन्युअलात दिलाय तेवढा आत शिरलेला हवा, नाहीतर धूर परत आत ओढला जातो. जुनी जाळी तेवढी ठेव, नव्याच्या पुढे बसते का पाहू.

नावपट्टीचा जवळून फोटो पाठव. मॉडेल, बीटीयू (फर्नेस किती उष्णता देतो तो आकडा) आणि कुठला गॅस लिहिलाय ते वाचता आलं पाहिजे. तोवर सिलिंडरचा कॉक बंद ठेव.

तुझी,
आई