मोरणीची रात्र

लोहा, मंगळवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन उचलला नाही म्हणून तू रागावलीस. माय, आपल्या मोरणी घोडीचं पोट दुखत होतं. त्यात गाभण, नववा महिना.

संध्याकाळची चंदी तिनं हुंगून सोडली. मग जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडं बघायची, बसायची, उठायची. आधी वाटलं, अवेळी व्यायला लागली की काय. पण कास रिकामी. पोटाला कान लावला, तर एरवीची गुरगुर नाही, सामसूम.

अशा वेळी बाटलीनं गोडं तेल पाजायचं, ही तुझ्या आजोबांची रीत. बाटली मी भरून आणलीही होती. तू दारामागं चिकटवलेला कागद आडवा आला : ‘तोंडातून पाजू नका, फुफ्फुसात जातं.’ बाटली ठेवली, गव्हाण रिकामी केली, जबड्याखाली नाडी धरली. पंधरा सेकंदांत चौदा ठोके, म्हणजे मिनिटाला ५६. निवांत असली की ४० च्या आत असते. हिरड्या ओलसर गुलाबी होत्या, तेवढाच धीर.

डॉक्टरांना यायला दोन तास लागले. तोवर गडी आणि मी आळीपाळीनं तिला हळूहळू फिरवत होतो. त्यांनी मागून हात घालून बघितलं. मोठ्या आतड्यात कोरडा गोळा, पीळ नाही. नाकपुडीतून नळी जठरात सोडली. आतून काही उलट येतं का ते आधी बघितलं, कारण घोड्याला उलटी होत नाही, जठर तुंबलं तर फुटतं. मग पॅराफिनचं तेल आणि पाणी. दुखण्याचं इंजेक्शन एकच दिलं. वरचेवर दिलं तर दुखणं झाकतं आणि आतला बिघाड कळत नाही, म्हणाले.

चूक माझी. हिरवं संपलं म्हणून महिनाभर नुसता कडबा टाकला. हौदाचं पाणी पहाटे इतकं गार, की ती ओठ लावून मान वर करायची. मी म्हणायचो, नखरे करते.

काल दुपारी तीनला लीद पडली. चारच गोळे, तेलानं चकाकणारे. मी फोडून बघत बसलो, तर तुझी आई म्हणे, आता त्याच हातानं जेवा.

आज नाडी ३६. पाणी कोमट करून देतोय. रात्री कुशीत शिंगरू हललेलं दिसलं, पण ते सुखरूप येईल असं डॉक्टरांनी काही म्हटलं नाही. यंदा माळेगावच्या यात्रेला घोडं न्यायचं नाही.

शनिवारी येताना थर्मामीटर आण. जुना त्या गडबडीत माझ्याच पायाखाली फुटला.

तुझा,
बाबा