फ्रीमाँटचा बँड, फ्रीमाँटकरांनाच ठाऊक नाही

संपादक महोदय,

मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहणाऱ्या आई-वडिलांना तिथे करमत नाही, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. खोटे काहीच नाही त्यात. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीकडे असताना माझाही दिवस तसाच जायचा: सकाळी 'लेक एलिझाबेथ' तळ्याच्या काठाने फेरी, मग बाकावर आपल्यासारखेच इतर आजोबा, दुपारी मालिका. पण उपाय म्हणून लेखात देऊळ, मंडळाचा गणपती आणि भारतातून येणाऱ्या कलाकारांचे दौरे एवढेच सुचवले आहे. म्हणजे तिथे जाऊनही इथलेच ऐकायचे. याला माझी हरकत आहे.

मी राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमधून निवृत्त झालो. आधी क्लॅरिनेट, नंतर सॅक्सोफोन. त्यामुळे 'टॉवर ऑफ पॉवर' या अमेरिकन बँडचे नाव जावयाच्या तोंडून ऐकले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो फुंकणारे किती, हा. पाच, तो म्हणाला. दोन ट्रम्पेट, दोन टेनर सॅक्स, एक बॅरिटोन, म्हणजे जाड आवाजाचा सॅक्स. मी कोट शोधायला उठलो.

हा बँड १९६८ सालचा, शेजारच्या ओकलंड शहराचा म्हणून ओळखला जातो. पण त्याचा प्रमुख एमिलिओ कॅस्टिलो डेट्रॉइटहून लहानपणी आला तो फ्रीमाँटला! आज ज्या गावात दर चौथ्या घरात कुकरची शिट्टी ऐकू येते, तिथलाच हा मुलगा. बाकावरच्या एकाही आजोबांना हे माहीत नव्हते. त्यांच्या मुलांनाही नव्हते, आणि ती तर तिथे वीस-वीस वर्षे राहतात.

कार्यक्रम 'योशीज'मध्ये होता. ओकलंडच्या जॅक लंडन स्क्वेअरला १९९७ पासून असलेला हा क्लब. बाहेर जपानी खाणावळ, आत तीनशेच्या आसपास खुर्च्या. (शाकाहारी माणसाला काकडीचा रोल मिळतो. पोट भरत नाही, घरून जेवून जावे.) एल्टन जॉनपासून सँटानापर्यंत अनेकांच्या रेकॉर्डवर ज्यांची वाद्ये वाजली, ती मंडळी माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती.

वाजवले कसे, ते सांगतो. परेडला आम्ही सूर एकत्र उचलायचो. त्याचीच तालीम व्हायची. सूर सोडायचा कुठे, हे मात्र ज्याच्या त्याच्या दमावर. इथे पाचही जण सूर सोडतात तो एकाच क्षणी, चाकूने कापल्यासारखा, आणि मधल्या रिकाम्या जागेत ड्रमची बारीक पेरणी ऐकू येते. खाली बॅरिटोन. आमच्याकडे जाड आवाजाचे वाद्य म्हणजे पायाला ठेका, कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. स्टीफन 'डॉक' कुपका यांनी या बँडमध्ये त्याला बोलायला लावले, मध्येच टोमणा मारल्यासारखे. बँडचे जुने बासवादक रोको प्रेस्टिया बास गिटारच्या तारा डाव्या हाताने दाबून आवाज अर्धवट गिळायचे, ती लकबही बँडच्या अंगात भिनलेली आहे. प्रेस्टिया २०२० साली वारले.

त्या क्लबशेजारी आगगाडी भर रस्त्यातून जाते. जानेवारी २०१७ मध्ये याच ठिकाणी कार्यक्रमाला येताना ड्रमवादक डेव्हिड गॅरिबाल्डी आणि त्या दिवसाचे बासवादक मार्क व्हॅन वॅगनिंगन यांना आगगाडीची धडक बसली. दोघेही वाचले, आणि पुन्हा वाजवू लागले. निघताना जावयाने तो रूळ दाखवला. मी फोटो काढू दिला नाही.

प्रेक्षकांत माझ्या वयाची माणसे भरपूर. तरुणपणी ज्यांच्या तालावर नाचले, त्यांना ऐकायला काठी टेकत आलेली. शेजारच्या बाईंनी मला विचारले, तुम्ही काय वाजवता? माझी बोटे टेबलावर चालू होती म्हणे. साठीनंतर त्या देशात मला 'गुडघे कसे आहेत' याखेरीज कुणी काही विचारल्याचे आठवत नाही.

तेव्हा पुरवणीत पुन्हा असा लेख छापाल, तेव्हा मुलगा किंवा मुलगी राहते त्या गावाचा जुना बँड कोणता आणि तो कुठे वाजवतो, हेही छापावे. इंग्रजी येत नाही ही अडचण तिथे येत नाही.

आणि एक मागणी पुणेकरांकडे. प्रभात ब्रास बँड आपण मिरवणुकीत ऐकतो, म्हणजे ढकलाढकलीत अर्धाच ऐकतो. ब्रास बँड मंचावर, श्रोते खुर्च्यांवर, ध्वनिवर्धक बंद आणि तिकीट लावून, असा कार्यक्रम एखाद्या संस्थेने दोनशे-तीनशे जणांच्या छोट्या सभागृहात करावा. गणपतीचे दिवस सोडून कोणतीही तारीख ठेवा. पहिल्या रांगेचे तिकीट मी आजच काढायला तयार आहे.

— एक निवृत्त बँडवादक, हडपसर, पुणे